बोकड म्हणजे अहंकार?

मंडळी, या विकांताचा विषय जरा जड आहे. चहा घेऊन बसा.

बायबलमधले बळी हा तो विषय. जुन्या करारात 'लेवीय' नावाचं पुस्तक आहे. उघडलं की पहिल्या पानापासून बैल, मेंढे, बोकड, पारवे, चरबी, रक्त आणि राख. आजच्या वाचकाला हे झेपत नाही. म्हणून त्याचा आध्यात्मिक अर्थ लावायची एक पद्धत आहे. बोकड म्हणजे आपला अहंकार, वेदी म्हणजे हृदय, अग्नी म्हणजे ध्यान, धूर म्हणजे वर जाणारी जाणीव. बाहेर काही कापायचं नाही, सगळं आत. सध्या असली व्याख्यानं आणि पुस्तकं बरीच फिरताहेत, आणि आमच्या आयटीवाल्यांत ती भलती लोकप्रिय आहेत. साहजिक आहे. आम्हाला प्रत्येक गोष्टीत अ‍ॅब्स्ट्रॅक्शन दिसलं की बरं वाटतं.

ही पद्धत काही आजची नाही, हे आधी मान्य करतो. अलेक्झांड्रियाचा फिलो हा ज्यू तत्त्वज्ञ पहिल्या शतकात असंच वाचायचा. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने लेवीयवर प्रवचनांची मालिकाच केली, त्यात प्रत्येक बळीला आतला अर्थ. आपल्याकडे तर ही परंपरा आणखी जुनी. बृहदारण्यक उपनिषदाची सुरुवातच अश्वमेधाच्या घोड्याला विश्व मानून होते. गीतेच्या चौथ्या अध्यायात यज्ञाचे इतके प्रकार येतात की द्रव्ययज्ञ त्यातला एक किरकोळ प्रकार वाटायला लागतो. ज्ञानेश्वरांनी आपल्या सगळ्या ग्रंथाला वाग्यज्ञ म्हटलं. तेव्हा प्रतीकाला माझा विरोध नाही. माझी अडचण वेगळीच आहे, आणि ती मी कुठून आलो त्याच्याशी जोडलेली आहे.

पुस्तकात हा विषय 'प्राचीन' असतो. मी चंद्रपूरचा. आजोळ सिंदेवाही तालुक्यातलं, जंगलाला लागून. माझ्यासाठी बळी म्हणजे इ.स. पूर्वची गोष्ट नव्हे, उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. कुणाचा नवस असला की बोकड घेऊन जंगलातल्या देवाकडे जायचं. देव म्हणजे काय, शेंदूर लावलेला दगड आणि वर एक झाड. आम्हा पोरांना बोकड कापतानाचा भाग बघू द्यायचे नाहीत (आम्ही बघायचोच). पण खरं सांगायचं तर आठवणीत तो दोन मिनिटांचा भाग नाही. आठवणीत आहे पुढचे सहा तास. पुरुष स्वयंपाक करायचे, हे एक नवल. मोठ्या गंजात भात, दुसऱ्यात रस्सा, पळसाच्या पानांच्या पत्रावळी. कुणाच्या वाट्याला काय हे ठरलेलं. पुजाऱ्याचा वाटा वेगळा. आणि एक नियम कडक होता: जे शिजलं ते तिथेच संपवायचं, घरी न्यायचं नाही. त्यामुळे गाव तर यायचंच, पण रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही मामा हाक मारून बसवायचा. नाहीतर संपणार कसं?

हा नियम मी विसरूनही गेलो होतो. मग लेवीय वाचताना सातव्या अध्यायात तो जसाच्या तसा सापडला. शांतीसाठी केलेल्या अर्पणातलं मांस उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी खायचं. नवसाचं किंवा स्वखुशीचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल. तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळून टाकायचं, खाल्लं तर अर्पणच रद्द. आता हिशोब करा. एक बैल एका घराने एका दिवसात संपवायचा, शक्य आहे का? नियमात "लोकांना बोलवा" असं तिथे लिहिलेलं नाही. पण नियम असा बांधलाय की बोलवल्याशिवाय पर्यायच नाही. आमच्या भाषेत, डिझाइनमध्येच टाकलेलं आहे, डॉक्युमेंटेशनची गरज नाही.

त्यानंतर मी ते पुस्तक स्पेसिफिकेशनसारखं वाचायला लागलो, आणि काय सांगू, मजा आली. त्यात अर्पणांचे पाच मुख्य प्रकार आहेत आणि ते एकसारखे मुळीच नाहीत. एकात सगळं जाळायचं, याजकाला फक्त कातडं. एकात प्राणीच नाही, पीठ आणि तेल. एकात देवाला चरबी, याजकाला छाती आणि उजवी मांडी, बाकी सगळं आणणाऱ्याचं आणि त्याच्या पाहुण्यांचं. पापासाठी आणायच्या अर्पणात ऐपतीप्रमाणे पायऱ्या आहेत. मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे किंवा कबुतराची पिल्लं आणा. तेही परवडत नसेल तर साधारण दोन लिटरच्या मापाएवढं पीठ आणा, बस. म्हणजे रक्ताचा थेंब न सांडताही चालायचं, अट एवढीच की तुमच्या घरातून काहीतरी गेलं पाहिजे.

आणि सगळ्यात भारी प्रकार दोषासाठीचा. कुणाची ठेव गिळली, सापडलेली वस्तू दडवली, कुणाला लुबाडलं, तर काय करायचं? बोकड-मेंढा नंतर. आधी ज्याचं घेतलं त्याला मूळ रक्कम परत, वर एक पंचमांश, म्हणजे 20 टक्के. ते देऊन झालं की मग मेंढा घेऊन देवाकडे या. क्रम बघा! देवाची रांग दुसरी आहे.

आता 'बोकड म्हणजे अहंकार' या अर्थात हे 20 टक्के कुठे बसतात? मी बरंच वाचलं, मला कुठे सापडले नाहीत. मेंढ्याचं प्रतीक होतं, वेदीचं होतं, सुरीचंही होतं. पंचमांशाचं प्रतीक करणं कुणाला जमलेलं नाही, कारण तो पंचमांश शेजाऱ्याच्या हातात पडायचा असतो.

हिब्रूत अर्पणाला शब्द आहे 'कोर्बान'. त्याचं मूळ 'जवळ येणे' या अर्थाचं. आपण उर्दूतून घेतलेले 'कुर्बानी' आणि 'करीब' हे दोन्ही शब्द अरबीतल्या याच मुळाच्या कुळातले. जवळ येणं. अंतर्यात्रावाले हा शब्द फार आवडीने सांगतात, पण जवळ कोणाच्या यायचं हे अर्धंच सांगतात. मांस दोन दिवसांत संपवायचं असेल तर शेजाऱ्याच्याही जवळ यावं लागतं ना.

(मराठीतला 'बळी' हा शब्द तर आणखी गुंतागुंतीचा. बळी हा राजा, बळीराजा म्हणजे शेतकरी, आणि पेपरात बळी म्हणजे मेलेला माणूस. आमच्या जिल्ह्यात हा शब्द सगळ्यात जास्त कुठे वाचायला मिळतो? 'वाघाच्या हल्ल्यात बळी' या मथळ्यात. मोहफुलं वेचायला गेलेली बाई, सरपणाला गेलेला म्हातारा. यांना कोणी, कोणाला, कशासाठी अर्पण केलं, हे मथळ्यात नसतं. असो. यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरलं की लेवीय आणखी ओळखीचं वाटायला लागतं. माडिया गोंडांचे पंडुम ऐकलेत का? नवीन पीक, नवीन फळ आलं की आधी पंडुम करायचा, गावच्या देवांना द्यायचं, कोंबडं कापायचं, मग खायचं. त्याआधी आंबा खायचा नाही, नव्या भाताला हात लावायचा नाही. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात हेच आहे: पहिल्या पिकाची पेंढी देवापुढे नेईपर्यंत नवी भाकर नाही, हुरडा नाही, कोवळी कणसं नाहीत. दोन्ही समाजांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण जो माणूस रानावर आणि पावसावर जगतो त्याला 'हे माझं एकट्याचं नाही' असं वर्षातून काही वेळा हाताने करून दाखवावं लागत असावं. पर्यावरणवाल्यांनी यात आणखी एक गोष्ट सांगितलीय, ती मला पटते. सगळं गाव एका दिवसापर्यंत थांबतं म्हणजे कच्ची फळं कोणी ओरबाडत नाही, फळ झाडावर पिकतं, बी पडतं.

गंमत म्हणजे या दोन जगांना जोडणारा एक माणूस आपल्याच भागात होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडहून 1845 च्या सुमारास नागपूरला आलेला मिशनरी, ज्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. हा मनुष्य एकीकडे बायबल शिकवायचा, दुसरीकडे दगडातले जीवाश्म गोळा करायचा आणि तिसरीकडे गोंडांची लिंगोची गाथा उतरवून घ्यायचा. 1863 मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून गेला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपलने 1866 मध्ये छापली. लेवीय पाठ असलेला माणूस गोंडांच्या देवळीपुढे उभा राहून काय विचार करत असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

बरं, आता प्रतीकवाल्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा. ते म्हणतात, अरे, बायबलमधल्या संदेष्ट्यांनीच बळींवर टीका केली आहे! खरं आहे. आमोस, होशेय, यशया, मीखा, सगळ्यांनी केली, आणि जबरदस्त केली. देवाला तुमच्या सणांचा वीट आलाय, तुमच्या बैलांच्या चरबीने तो कंटाळलाय, अशा आशयाचं. पण पुढचं वाक्य वाचा ना राव! त्याऐवजी काय करा म्हणतात? डोळे मिटून बसा म्हणतात? नाही. विधवेची बाजू घ्या, अनाथाला न्याय द्या, तराजूत मारू नका, गरिबाला जोड्याच्या किमतीत विकू नका. त्यांची तक्रार बळी फार बाहेरचा आहे अशी नव्हतीच. बळी देऊन झाल्यावर हे लोक बाजारात जाऊन गिऱ्हाईक लुटतात, ही तक्रार होती. म्हणजे तोच पंचमांश पुन्हा.

स्तोत्रसंहितेतलं 51 वं स्तोत्र यांचं सर्वात लाडकं, कारण त्यात देवाला भग्न अंतःकरण हेच अर्पण आवडतं असं येतं. सुंदरच आहे ते. फक्त त्यानंतरच्या शेवटच्या दोन ओळी कोणी वाचून दाखवत नाही. तिथे यरुशलेमची तटबंदी पुन्हा बांधली जावी आणि मग वेदीवर बैल चढावेत अशी प्रार्थना आहे. काही अभ्यासक या ओळी मागून जोडलेल्या मानतात. असतीलही. ज्याने जोडल्या त्याला 'आत'वर थांबणं पुरेसं वाटलं नाही, एवढं तर दिसतं.

आमच्या धंद्यात रिफॅक्टरिंग नावाचा प्रकार असतो. बाहेरचं वागणं जसंच्या तसं ठेवून कोडची आतली रचना बदलायची. ते नीट झालं की नाही हे कसं कळतं? जुन्या टेस्ट चालवून. बळीचं प्रतीक करणं हेही एक रिफॅक्टरिंगच आहे, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. कापाकापी गेली तर मला आनंदच आहे, मी त्या बोकडाचे डोळे पाहिलेत. फक्त जुन्या टेस्ट पास होतात का ते बघू या. देणाऱ्याच्या घरातून काही गेलं का? जेवलं कोण?

आणि आपल्या मराठी मुलखात या टेस्ट पास झालेली उदाहरणं आहेत, हे विशेष.

पहिलं बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. यरुशलेमचं मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं आणि बळींची सगळी व्यवस्था एका फटक्यात बंद पडली. तेव्हा योहानान बेन झक्काई या धर्मगुरूच्या शिष्याने भग्न मंदिर पाहून आता पापं कशी फिटणार म्हणून शोक केला. गुरूने सांगितलं, तेवढ्याच तोडीचं दुसरं साधन आपल्याकडे आहे, दयेची कृत्यं. तालमूदमध्ये पुढे असंही येतं की मंदिर होतं तोवर वेदी प्रायश्चित्त करायची, आता माणसाचं जेवणाचं टेबल करतं. भाष्यकार सांगतात, म्हणजे त्या टेबलावर गरीब पाहुणा जेवतो म्हणून. बघा, इथेही प्रतीकच केलंय, पण जेवणारा माणूस गायब केलेला नाही. आणि आमच्या अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायलींनी काय केलं? मलिदा. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, फळं, आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना. नवस फेडताना करतात, लग्नकार्यात करतात. त्यातल्या बऱ्याच जणांना त्यात मंदिरातल्या जुन्या अन्नार्पणाची आठवण दिसते. वेदी नाही, याजक नाही, रक्त नाही. पण ताट भरलेलं आणि वाटून खायचं.

दुसरं आमच्या विदर्भातलं. गाडगेबाबा. मुलीच्या बारशाला बकरं आणि दारूचं जेवण द्यायची जातीत रीत, आणि यांनी गोडाचं जेवण घातलं. नातेवाईक चिडले, पण उपाशी कोणी गेलं नाही. पुढे जत्रांमध्ये उभं राहून पशुबळीविरुद्ध कीर्तनं केली, आणि त्याच जत्रेकरूंना टेकायला जागा हवी म्हणून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधवल्या. बाबांनी देवापुढचा बोकड काढला तेव्हा त्या जागी ध्यानधारणा ठेवली नाही, झाडू आणि अन्न ठेवलं. तुकडोजी महाराजांचंही तेच. आमच्या चिमूरजवळच्या गोंदेड्याच्या जंगलात त्यांनी तपश्चर्या केली, म्हणजे 'आत' जाण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला? पण बाहेर येऊन 1955 मध्ये 'ग्रामगीता' दिली. देवापुढच्या कापाकापीला विरोध केला आणि सामुदायिक प्रार्थनेबरोबर ग्रामसफाई लावून दिली. मन साफ झालं की नाही ते आपण तपासू शकत नाही. नाली साफ झाली की नाही ते सगळ्यांना दिसतं.

या सगळ्यांत एक सामाईक गोष्ट आहे. प्रतीक त्यांनी स्वतःच्या देवाचं केलं. स्वतःच्या मंदिराचं, स्वतःच्या बारशाचं, स्वतःच्या गावच्या जत्रेचं.

दुसऱ्याच्या देवाचं प्रतीक आपण करायला लागलो की काय होतं, त्यासाठी एटापल्ली तालुक्यात जावं लागेल. सुरजागडचा डोंगर. तिथे ठाकूरदेव आहे, दर जानेवारीच्या सुरुवातीला त्याची यात्रा भरते, आजूबाजूच्या इलाक्यातले माडिया जमतात, देवाला कोंबडं-बकरं देतात. त्याच डोंगरात उच्च प्रतीचं लोहखनिज आहे. 2007 मध्ये लॉईड्स मेटल्सला 348 हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. 2016 मध्ये प्रत्यक्ष खोदकाम सुरू झालं, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली वाहनं जाळली, काम थांबलं, 2021 मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झालं. 2023 मध्ये वर्षाला 1 कोटी टन उत्पादनाला पर्यावरण मंजुरी मिळाली. ठाकूरदेवाच्या यात्रेत आता पूजेबरोबर खाणीविरुद्धची भाषणं आणि ठरावही होत आले आहेत.

नागपूरहून पुण्याला येणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये एकदा शेजारी एक सुशिक्षित, सज्जन गृहस्थ होते. खाणीचा विषय निघाला. ते म्हणाले, "देव काय डोंगरातच असतो का? देव तर मनात असतो. त्यांना एक छान मंदिर बांधून द्यावं दुसरीकडे." वाईट हेतू मुळीच नव्हता. माणूस मनापासून आध्यात्मिक होता, आणि अडचण तिथेच आहे. आमच्या सत्संगात अत्यंत उदात्त वाटणारं वाक्य, 'देव बाहेर नाही, आत आहे', खाणपट्ट्याच्या फाइलवर ठेवलं की ना-हरकत प्रमाणपत्र होतं. बोकड म्हणजे अहंकार, तर डोंगर म्हणजे काय? कोणतंही प्रतीक. मग कोणताही डोंगर चालेल. डोंगर नसला तरी चालेल.

खाण बंदच करा असं मी इथून, वाकडच्या फ्लॅटमध्ये बसून सांगणार नाही. माझ्या इमारतीत लोखंड आहे. खाणीत आणि कोनसरीच्या कारखान्यात त्याच तालुक्यांतल्या मुलांना पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या आहेत आणि त्या मुलांना तुम्ही मी काय शिकवणार. माझं म्हणणं इतकंच की ठाकूरदेव डोंगरात राहतो की मनात, हे ठरवायचं काम आमचं नाही. ओडिशात नियमगिरीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये असंच केलं. डोंगरिया कोंधांचा नियमराजा, त्याचा डोंगर, त्याखाली बॉक्साइट. कोर्टाने देव कुठे आहे यावर निकाल दिला नाही, गावाच्या ग्रामसभांना विचारा म्हणाले. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही नाही म्हणाल्या.

(हेच कोंध एकेकाळी 'मेरिया' म्हणजे नरबळी देत. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तो बंद पाडला आणि त्या जागी रेडा आला. तेव्हा आदिवासींना बदल कळत नाही वगैरे कोणी सांगू नये. आणि बळी म्हटलं की सगळं जपण्यासारखंच असतं, असंही कोणी माझ्या तोंडी घालू नये.)

फिलोचं नाव मी वर घेतलंय. प्रतीकांचा हा आद्य उस्ताद. पण त्यानेच एका ठिकाणी त्याच्या काळच्या अतिशहाण्यांना झापलंय. नियमाचा आतला अर्थ कळला म्हणून जे बाहेरचा आचार टाकून देतात त्यांना तो म्हणतो, तुम्ही असं जगताय जणू रानात एकटे राहता, जणू तुम्हाला शरीर नाही, गाव नाही. शरीर हे आत्म्याचं घर आहे, म्हणून शरीराची काळजी घ्यावी लागते. तसंच शब्दशः नियमाचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या महानगरातला हा माणूस. त्याच्या आजूबाजूलाही वीकेंडचे साधक असणार बहुतेक.

बायबलमध्ये दावीद राजाची एक छोटी गोष्ट आहे, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी. राज्यात रोगाची साथ आलीय, ती थांबावी म्हणून वेदी बांधायचीय, आणि जागा आहे अरौना नावाच्या माणसाचं खळं. अरौना म्हणतो, महाराज, खळं घ्या, बैल घ्या, लाकडंही घ्या, सगळं फुकट. दावीद नाही म्हणतो. ज्याची मला काही किंमत पडली नाही ते मी देवाला देणार नाही. 50 शेकेल चांदी मोजून विकत घेतो आणि मगच बळी देतो. देशाच्या विकासासाठी कोणीतरी त्याग केला पाहिजे, असं भाषण ऐकलं की मला अरौनाचं खळं आठवतं. त्याग कोणाचा, आणि अर्पण कोण करतंय? आपल्याकडे 'त्याग' करणाऱ्याचं नाव यादीत शेवटी, 'प्रकल्पग्रस्त' या रकान्यात असतं.

विनोबांनी 1951 मध्ये जमीन मागायला सुरुवात केली तेव्हा तिला मोहीम न म्हणता यज्ञ म्हटलं, भूदान यज्ञ. गीतेवर जन्मभर बोललेला माणूस, यज्ञ म्हणजे अंतःशुद्धी हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी मागितली ती जमीनच. पुष्कळांनी दिली, आणि पुष्कळांनी खडकाळ, पडीक, वादातली दिली. म्हणजे दाविदाने नाकारलं तेच. ते व्हायचंच.

पण गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं शंभरेक घरांचं गोंडांचं गाव आहे. 2009 मध्ये 1,800 हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. म्हणजे आधी त्यांना मिळालं. त्यानंतर 2013 मध्ये या लोकांनी 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपापली खाजगी शेतजमीन गावसभेच्या नावे करून दिली. पडीक तेवढी काढून नव्हे, सगळी. कसतो तोच कसणार, पण विकायचा हक्क गेला. सरकारदरबारी पुढचे सोपस्कार मग वर्षानुवर्षं रेंगाळले, ते असू दे. ज्यांच्याकडे आठ-दहा एकर होती त्यांनीही दिली आणि ज्यांच्याकडे एखादा तुकडा होता त्यांनीही. बोकडालासुद्धा काही झालं नाही.